चेनसॉच्या प्लगला स्पार्क येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तोवर आमच्या वाडीत एकच चेनसॉ होती. त्या पावसाळ्यानंतर घरटी नाही, तरी आळीला एक झाली. बहुतेक ५२ नाहीतर ५८ सीसीची चिनी मशीनं. ती आता जुनी झाली आहेत आणि दर आगोटीला कुणी ना कुणी मशीन काखोटीला मारून येतो, "करंटच येत नाही, कॉइल गेली वाटतं." कॉइल गेलेली असते, नाही असं नाही. पण माझ्याकडे आलेल्यांपैकी बरीचशी मशीनं कॉइल न बदलता चालू झाली. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

स्पार्क खरंच नाही, हे नक्की कसं ओळखायचं?

आधी चेन ब्रेक लावा आणि बारवर कव्हर चढवा. प्लगची टोपी काढा, १९ चा प्लग पाना घालून प्लग सोडवा. प्लग परत टोपीत घट्ट बसवा आणि त्याची लोखंडी बाजू सिलिंडरच्या पात्यांना (इंजिन गार ठेवणाऱ्या धातूच्या कडांना) नीट टेकवा. रंग लावलेल्या भागाला टेकवलात तर स्पार्क दिसणार नाही आणि तुम्ही उगाच कॉइलला शिव्या द्याल. प्लग ज्या भोकातून काढला तिथून लांब धरा, कारण दोरी ओढली की त्यातून पेट्रोलचा फवारा येतो. भोकावर एक फडकं टाकलेलं बरं. स्विच चालूवर करा आणि दोरी झटक्यात, पूर्ण ओढा.

हे सगळं भर उन्हात खळ्यात बसून करू नका. पडवीत, सावलीत करा. चांगला स्पार्क निळसर असतो आणि बारीक 'टक्' आवाज येतो. पिवळा, बारीक, कधी येतो कधी नाही असा असेल तर तो नसल्यातच जमा धरा. बाहेर मोकळ्या हवेत स्पार्क सहज पडतो. आत पिस्टनने हवा दाबली की तोच स्पार्क पडायला जड जातो. त्यामुळे बाहेर कसाबसा दिसणारा स्पार्क आत गायब होऊ शकतो.

दोरी हळू ओढली तर चालेल का? खांदा दुखतो.

नाही. चाक पुरेशा वेगाने फिरलं नाही तर कॉइलमध्ये वीजच तयार होत नाही. प्लग काढलेला असताना दोरी हलकी जाते, त्यामुळे तपासताना खांद्याला त्रास कमी. म्हाताऱ्या माणसाने चार वेळा हळू ओढून "स्पार्क नाही" म्हणावं आणि नातवाने एका झटक्यात दाखवावा, असं माझ्यासमोर झालेलं आहे.

बॅटरी तर कुठेच नाही, मग करंट येतो कुठून?

दोरीच्या मागे जे चाक फिरतं, ज्याला आपण सगळे 'मॅग्नेट' म्हणतो, त्याच्या कडेला लोहचुंबक बसवलेले असतात. चाक फिरताना चुंबक कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून जातो आणि कॉइलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यांत वीज तयार होते. नेमक्या वेळी आतलं सर्किट ती तोडतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांतून हजारो व्होल्टचा झटका प्लगला जातो. हीच मॅग्नेटो पद्धत. बॉश कंपनीतल्या गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. तुमच्या मशीनमधलं तत्त्व अजून तेच आहे.

यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घरातल्या दिव्याला स्विच लावला की वीज मिळते. इथे उलटं आहे. चेनसॉचा स्विच वीज देत नाही, तो वीज मारतो. बंद केलं की तो कॉइलची एक वायर इंजिनच्या अंगाला, म्हणजे अर्थला जोडतो. त्यामुळे ती वायर कुठेही, कशानेही अंगाला लागली की मशीनच्या मते स्विच कायमचा बंद आहे. मग तुम्ही दोरी तुटेपर्यंत ओढा.

मग तपासायला सुरुवात कुठून करू?

त्याच बारीक वायरपासून. स्टार्टरचं झाकण काढा (बहुतेक मशीनांना चार स्क्रू असतात), कॉइल दिसेल. कॉइलमधून दोन वायरी निघतात. जाडी प्लगकडे जाते, बारीक स्विचकडे. बारीक वायर कॉइलच्या चिमट्यातून ओढून मोकळी करा, ती कशाला लागणार नाही अशी बाजूला ठेवा आणि पुन्हा स्पार्क बघा.

स्पार्क आला? मग कॉइल ठणठणीत आहे. दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरमध्ये. दोन मिनिटांचं काम, पण ते न करता नवी कॉइल मागवणारे खूप.

गेल्या वर्षी एक मशीन आलं. तालुक्याच्या एका दुकानात त्याला नवी कॉइल बसवून झाली होती, तरी स्पार्क नाही. मी मागच्या हँडलखालून वायर चाचपत गेलो. एअर फिल्टरच्या कव्हरखाली, जिथे भुसा आणि चेनचं तेल मिळून काळी पुटं धरतात, तिथे वायर कव्हराखाली चेपली होती. प्लास्टिक फाटून आतली तांब्याची एक केसाएवढी तार स्क्रूला टेकलेली. नखाने ती बाजूला केली, वर टेप गुंडाळली, वायर खाचेत नीट बसवली. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू. त्या मशीनमधली मूळ कॉइल बहुधा चांगलीच होती, पण ती दुकानातच राहिली होती.

वायर काढून मशीन चालू केलं तर बंद कसं करायचं?

चोक पूर्ण ओढा, गुदमरून बंद पडेल. हे फक्त तपासण्यापुरतं. "आता असंच चालवतो" असं म्हणणारे भेटतात. झाडावर चढून चेनसॉ वापरणाऱ्याच्या हातात स्विच नसलेलं मशीन देऊ नका.

स्विच मल्टिमीटरने कसा तपासायचा?

बारीक वायर कॉइलपासून सोडवलेलीच असू द्या, हे महत्त्वाचं. जोडलेली ठेवलीत तर मीटरला कॉइलच्या आतून रस्ता सापडतो आणि स्विच कसाही असला तरी तो जोडलेलाच दिसू शकतो. मीटर बीपवर ठेवा. एक टोक वायरच्या चिमट्याला, दुसरं सिलिंडरच्या उघड्या धातूला. स्विच बंदच्या बाजूला केला की बीप वाजला पाहिजे, चालूच्या बाजूला केला की थांबला पाहिजे. दोन्हीकडे वाजत असेल तर वायर कुठेतरी अंगाला लागली आहे किंवा स्विच आतून चिकटला आहे. वायर हलवत हलवत बघा. कधी कधी एकाच वळणाला बीप येतो आणि जातो.

काही मशीनांत वेगळा स्विच नसतो. चोक, चालू आणि बंद हे सगळं एकाच दांड्यावर असतं आणि खाली एक वाकवलेली पितळी पट्टी किंवा तार अर्थला टेकते. ती वाकून कायमची टेकलेली असेल तर हाताने थोडी मागे सरकवली तरी काम होतं.

प्लग बदलून बघितला, तरी स्पार्क नाही. नवा प्लग खराब असू शकतो का?

असू शकतो. म्हणून 'नवा' नको, 'चालू असलेला' प्लग लावून बघा. शेजाऱ्याच्या चालत्या मशीनमधला काढून आणा.

जुना प्लग फेकण्याआधी त्याच्याकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. "जरा जास्तच घालतो, इंजिनाला बरं" म्हणून अंदाजाने ओतलं की प्लगच्या टोकांत काजळीचा पूल तयार होतो आणि वीज उडी न मारता त्या पुलावरून निघून जाते. पितळी ब्रशने घासा. टोकांमधली फट बहुतेक चेनसॉना ०.५ ते ०.७ मिलिमीटर लागते. तुमचा आकडा पुस्तिकेत बघा. पांढऱ्या चिनी मातीला चीर दिसली तर प्लग गेला, घासून उपयोग नाही.

प्लग ओला निघाला तर दोष बहुतेक वेळा करंटचा नसतो, मशीनने पेट्रोल जास्त प्यायलेलं असतं. स्विच बंद, चोक उघडा, प्लग बाहेर ठेवून आठ-दहा वेळा दोरी ओढा. प्लग पुसून, वाळवून बसवा.

बाइकचा प्लग चालेल का?

आटे १४ मिलिमीटरचे असतील तर बसेल, आणि घोळ तिथेच आहे. चेनसॉला लागतात ते बीपीएमआर७ए किंवा चिनी एल७टी प्रकारचे प्लग आखूड असतात, आट्याची लांबी साधारण साडेनऊ मिलिमीटर. लांब आट्याचा प्लग आत शिरून पिस्टनवर आपटू शकतो. प्लग दोन-तीन शेचा, पिस्टन-सिलिंडर किती पडतं ते विचारून बघा.

प्लगची टोपी आणि जाडी वायर यांत काय बिघडतं?

टोपीच्या रबरात एक छोटी स्प्रिंग असते. तिचं टोक जाड्या वायरमध्ये टोचलेलं असतं. टोपी वायरला धरून खेचायची सवय असली की ते टोक बाहेर येतं, आणि बाहेरून सगळं जागेवर दिसतं. टोपी काढून बघा. वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल तर पुरेशी लांबी असल्यास अर्धा सेंटिमीटर कापा आणि स्प्रिंग पुन्हा मधोमध टोचा.

वायरचं रबर कुठे फाटलं असेल तर संध्याकाळी अंधारात दोरी ओढा. गळती असेल तर वायरपासून सिलिंडरकडे निळी रेघ उडताना दिसते. ही रेघ बोटाने शोधायला जाऊ नका. झटका जीवघेणा सहसा नसतो, पण हात असा झटकन मागे जातो की कोपर भिंतीवर आपटतं. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामाजवळ थांबूच नये.

कॉइल आणि मॅग्नेटमधली फट किती ठेवायची? फिलर गेज नाही माझ्याकडे.

साधारण ०.३ मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायची पातळ लोखंडी पानं) नसलं तरी साधं व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढंच जाड असतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या मधल्या भागाची कापलेली पट्टीही चालते. लोखंडी गेजपेक्षा हे सोपं, कारण लोखंडी पान चुंबकाला चिकटून बसतं आणि हाताला अंदाज येत नाही.

चाक फिरवून चुंबक कॉइलपासून लांब न्या. कॉइलचे दोन्ही स्क्रू ढिले करा, कॉइल वर उचला, एक स्क्रू हलका आवळा. आता चुंबक कॉइलच्या पायांसमोर आणा, मध्ये कार्ड सरकवा आणि स्क्रू सोडा. चुंबक कॉइलला स्वतःच खेचून घेतो, 'टप्' आवाज येतो. तसंच धरून दोन्ही स्क्रू आवळा, चाक फिरवत कार्ड बाहेर काढा. मग चाकाचा पूर्ण एक फेरा हाताने देऊन बघा, कुठे घासत तर नाही ना. घासलं तर पुन्हा करा. स्क्रू फार जोर लावून पिळू नका, खालचे आटे ॲल्युमिनियमचे असतात.

फट जास्त झाली की स्पार्क मंद होतो किंवा येतच नाही. स्क्रू ढिले होऊन कॉइल सरकणं हे चिनी मशीनांत बऱ्याचदा दिसतं.

मॅग्नेट गंजलंय, बदलायचं का?

बहुधा नाही. चाकाचा चुंबकाचा भाग आणि कॉइलचे पाय बारीक पॉलिश पेपरने साफ करा, भुसा ब्रशने झाडा. चुंबकात जीव आहे का बघायचं तर स्क्रू ड्रायव्हर दोन सेंटिमीटरवर धरा, जाणवण्याइतका ओढला गेला पाहिजे. चुंबक सैल होऊन निघालाच असेल तर मात्र चाक बदलावं लागतं.

हे सगळं झालं, तरी स्पार्क नाही. आता तरी कॉइल गेली म्हणू का?

बारीक वायर सोडलेली आहे, चालता प्लग लावलाय, टोपी नीट आहे, फट बरोबर आहे, पाय स्वच्छ आहेत आणि तरीही अंधार, तर हो, म्हणा.

मीटरने कॉइल मोजायचा मोह सगळ्यांना होतो. जाड्या वायरच्या टोकापासून लोखंडी पायापर्यंत काही किलो-ओहम दिसतात. काहीच दिसत नसेल तर वायर आतून तुटली असण्याची शक्यता मोठी. पण आकडा दिसला म्हणजे कॉइल चांगली, असं होत नाही. आजकालच्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट ओतून बंद केलेलं असतं, ते मीटरच्या दीड नाहीतर नऊ व्होल्टवर काही सांगत नाही. म्हणून मी बाकी सगळं बाद करत शेवटी कॉइलवर येतो.

मशीन अर्धा तास चालतं, मग बंद पडतं, गार झालं की पुन्हा चालतं. हे काय?

आंब्याचं जाड खोड कापताना हे हमखास होतं, म्हणजे जेव्हा घाई असते तेव्हाच. कॉइल तापली की आतली बारीक तार किंवा सर्किट फुगून तुटतं, गार झालं की परत जोडलं जातं. पण खात्री करायची तर मशीन बंद पडल्या क्षणी स्पार्क बघितला पाहिजे. घरी आणून, चहा घेऊन, मग बघाल तर स्पार्क येणारच. प्लग पाना आणि एक सुका प्लग खिशात ठेवूनच रानात जा. गरम असताना स्पार्क नाही आणि गार झाल्यावर आहे, असं दोनदा दिसलं तर कॉइल बदला.

गरम असतानाही स्पार्क चांगला असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. हवा आत जायचं भोक तुंबलं की पेट्रोल येणं थांबतं आणि दुखणं अगदी असंच वाटतं.

नवी कॉइल घेताना काय बघायचं?

जुनी काढून सोबत न्या. स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर, पायांचा वळसा, जाड्या वायरची लांबी, चिमटा कोणत्या बाजूला आहे, हे सगळं शेजारी ठेवून जुळवा. ४५, ५२ आणि ५८ सीसीच्या बहुतेक चिनी मशीनांना एकच कॉइल बसते. जुनी कोणत्या तोंडाने बसवली होती त्याचा काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. स्क्रूखाली प्लास्टिकचे वायसर असतील तर ते परत तसेच टाका.

बाइकची किंवा ग्रास कटरची कॉइल लावली तर?

बाइकची नाही. ग्रास कटरची दिसायला सारखी असली तरी पायांचा वळसा वेगळा निघतो. तपासायची पद्धत मात्र ग्रास कटर, पाठीवरचा फवारणी पंप, छोटा टू-स्ट्रोक पाण्याचा पंप, सगळ्यांना हीच.

स्पार्क निळा आहे, पण दोरी हाताला उलटा झटका देते आणि मशीन धरत नाही.

स्पार्क आहे, पण चुकीच्या वेळी. मॅग्नेटचं चाक शाफ्टवर एका छोट्या चावीने अडवलेलं असतं. काही चाकांत ती चावी ओतीव भागातच असते. ती कापली गेली की चाक थोडं फिरतं आणि स्पार्कची वेळ चुकते. चाक काढायला पुलर वापरा, हातोडी नको. नट ढिला करताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरीचा तुकडा आत सोडा, टोक बाहेर ठेवा.

आजोबांच्या वेळची चेनसॉ आहे, कॉइल वेगळीच दिसते.

त्यात मॅग्नेटखाली प्लॅटिनम पॉइंट (उघडझाप करून वीज तोडणारी टोकं) आणि कंडेन्सर असणार. वर्षानुवर्षं पडून राहिली की पॉइंटवर थर बसतो आणि स्पार्क जातो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, मग पेट्रोलने ओल्या केलेल्या कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढा, पूर्ण सुकू द्या. अशी मशीनं चालू झाली की फार छान चालतात.

पावसाळाभर ठेवायची असेल तर काय काळजी घेऊ?

टाकी रिकामी करा, मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा. प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल टाकून दोरी हळू दोनदा ओढा. पाण्याच्या प्रेशरने धुवू नका, ब्रश आणि फडकं पुरे. आणि माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवू नका, उंदरांना गोणपाटही आवडतो आणि बारीक वायरचं प्लास्टिकही. खुंटीला टांगा.

दुरुस्तीला देताना काय सांगू?

काय काय तपासलंत ते सांगा: "स्विचची वायर सोडून बघितली, प्लग चालता लावला, तरी स्पार्क नाही." एवढं ऐकलं की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलतो. कॉइल बदलली तर जुनी परत मागून घ्या. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लोकांनी 'गेली' म्हणून सोडून दिलेल्या सात कॉइल आहेत. त्यातल्या चारांना स्पार्क आहे.